एकाच गिऱ्हाइकाचं पीक

पहाटे ४

फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्याच्या शिवारात या वेळी चांगलाच गारठा असतो. वेलींच्या ओळींमधून उजेडाचे ठिपके सरकत असतात, तोडणीच्या टोळीनं कपाळाला बांधलेल्या बॅटऱ्यांचे. टोळीत बाया जास्त, पेठ-सुरगाण्याकडच्या. डाव्या हातात घड, उजव्या हातात कात्री, देठ कापला की घड अलगद क्रेटमध्ये. क्रेट काठोकाठ भरायचा नाही, नाहीतर वरचा क्रेट खालच्या घडांवर बसतो आणि मणी फुटतात. मुकादम ओळीच्या तोंडाशी उभा राहून एवढंच ओरडत असतो, ‘‘दाबू नका गं, दाबू नका.’’

एवढ्या अंधारात कशासाठी, तर द्राक्ष थंड हवं म्हणून. उन्हात तोडलेला माल तापूनच येतो. वाटेत मणी फुटला तर रस तपकिरी पडायला लागतो, वास उडतो, सालीवरचं रानटी यीस्ट आपलं काम आपल्या मर्जीनं सुरू करतं. मग तो माल थंड करायला चिलर चालवत बसायचं आणि विजेचं बिल भरायचं. पहाटेचा गारवा मात्र फुकट आहे. आज शेनिन ब्लाँची तोडणी आहे. पांढऱ्या वाईनचं हे द्राक्ष गारठ्यातच कारखान्यात पोचलं पाहिजे.

मी मूळचा घनसावंगी तालुक्यातला. घर मोसंबीचं. परभणीला अन्नतंत्र शिकलो, इकडं वाईनरीत लागलो आणि आता टाक्या, बॅरल, प्रयोगशाळा हे सगळं माझ्याकडं असतं. घरात सगळे माळकरी. आजीला सांगून ठेवलंय की नातू द्राक्षाच्या रसाच्या फॅक्टरीत आहे. माल आल्यापासून पहिले एक-दोन दिवस ते अगदी खरं असतं.

गावाकडं आत्ता आंबे बहाराची मोसंबी फुलावर असणार. बागेत शिरलं की वासानं डोकं जड होतं, ते दिवस. इकडं लागल्यापासून तो वास नशिबी नाही, कारण तिकडं फूल असतं तेव्हाच इकडं तोडणी असते.

सकाळी साडेसहा

ट्रॅक्टर काट्यावर. आमच्या स्वतःच्या बागा आहेत, पण बराचसा माल करारावरच्या शेतकऱ्यांचा येतो. आजचे नाना साठीच्या पुढचे, ट्रॉलीबरोबर स्वतः आलेले. वजन झालं की ते माझ्यामागं प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येतात. वेगवेगळ्या क्रेटमधून घड उचलून मणी पिशवीत चुरडायचे, रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडं तोंड करून बघायचं. आत वर निळा, खाली पांढरा भाग दिसतो. दोन्हींमधली रेघ ज्या आकड्यावर थांबते ती रसातली साखर, म्हणजे ब्रिक्स.

‘‘किती आलं, साहेब?’’

‘‘एकवीस सहा. घ्या नाना, तुम्हीच बघा.’’

नाना नळी डोळ्याला लावतात आणि पूर्वेकडं तोंड करतात. बराच वेळ बघतात. आकडा एकदाच दिसतो, पण वर्ष त्यात असतं. ब्रिक्सच्या टप्प्यावर दर ठरलेला, घडात कूज निघाली तर कपात ठरलेली. मोंढ्यात मोसंबीची ढिगारी लावून आमचे अण्णा व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे, ते मी लहानपणी बघितलंय. फरक इतकाच की अण्णांना त्या व्यापाऱ्याचा भाव पटला नाही तर ते पुढच्या अडतीवर जायचे. नानांना पुढची अडत नाही. त्याबद्दल नंतर सांगतो.

निवडपट्ट्यावर चार जण उभे असतात. पानं, वाळलेल्या काड्या, उन्हानं भाजलेले मणी, मिलीबगचा पांढरा कापूस अडकलेले घड, सगळं बाजूला. मी इथं भुरीच्या फवारणीची नोंदवही आवर्जून बघतो. तोडणीच्या तोंडावर गंधक मारलेलं असेल तर त्याचा अंश रसात उतरतो आणि टाकीत आंबवण सुरू झालं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. खायच्या द्राक्षावर डाग दिसतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं, संपलं. इथं बागेतली चूक आठवड्यानं टाकीत कळते.

सकाळी ८

डिस्टेमरमधून देठ एका बाजूला, मणी दुसऱ्या बाजूला. मणी प्रेसमध्ये. प्रेस म्हणजे आडवं पडलेलं मोठं पिंप. आतला रबरी पडदा हवेनं फुगतो आणि द्राक्ष जाळीवर हळूहळू दाबतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. बी फुटली की तुरट-कडू चव रसात आली, ती मग काढता येत नाही. आधी आपसूक गळणारा रस सगळ्यात चांगला, तो वेगळा. मग दाब वाढत जातो तसा मी नळाखाली ग्लास धरून चाखत राहतो. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा लागला की हात वर करायचा, पुढचा रस दुसऱ्या टाकीत. यंत्रावर दाबाचा काटा आहे, पण कुठं थांबायचं ते तो सांगत नाही.

रसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, पेक्टिन तोडणारं एन्झाइम, आणि टाकीच्या जॅकेटमधून थंड ग्लायकॉल. दहा अंशांच्या आसपास रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो, वर निवळी राहते. आंबवण या निवळीचं करायचं.

साधारण एक टन द्राक्षांतून सहाशे ते सातशे लिटर वाईन हाती लागते. म्हणजे ७५० मिलीलिटरच्या एका बाटलीत किलोभराच्या वर द्राक्ष गेलेलं असतं. नाना दरवर्षी हा हिशेब माझ्याकडून ऐकतात, दुकानातल्या बाटलीच्या किमतीशी ताडून बघतात आणि काही बोलत नाहीत.

साडेनऊ

पोहे, चहा, आणि सगळ्या टाक्यांची फेरी. प्रत्येक टाकीतून नमुना, तापमान, हायड्रोमीटर. पांढऱ्या वाईनची टाकी १४ ते १६ अंशांत ठेवायची आणि ब्रिक्स रोज एक-दीडनं उतरला पाहिजे. जोरात उतरला तर वासाची द्रव्यं वायूबरोबर उडून जातात. थांबला तर जास्त वाईट, कारण अर्धवट साखरेवर अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं म्हणजे बसलेल्या बैलाला उठवणं. लिटरमागं साधारण सतरा ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल. शेवटी शेवटी हायड्रोमीटर शून्याच्याही खाली बुडतो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. नवी पोरं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा यंत्र बिघडलं म्हणून माझ्याकडं पळत येतात.

प्रत्येक नमुना हुंगायचा, तोंडात खेळवायचा, थुंकायचा. गिळायचा नाही. वाईन करणारा दिवसभर पीत बसतो हा समज गावात पक्का आहे. हंगामात इतकं चाखल्यावर संध्याकाळी जीव फक्त आंबट ताकाकडं धावतो.

अकरा

लाल वाईनचं खातं. शिराझ द्राक्षाच्या टाक्या. लाल वाईनला रंग सालीतून येतो, म्हणून इथं रस आणि साली एकत्रच आंबवतात. वायूच्या जोरानं साली वर येऊन जाड टोपी धरतात. ती कोरडी पडली तर वरून व्हिनेगर व्हायला लागते. म्हणून खालचा रस पंपानं ओढून टोपीवर सोडायचा, दिवसातून दोनदा-तीनदा. होज खांद्यावर घेऊन टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि टोपीचा प्रत्येक कोपरा भिजेपर्यंत फिरवायचा. तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंश. रस जांभळा, फेस गुलाबी, हात आठवडाभर काळे.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही गंमतीनं सांगत नाही. एक लिटर रस पूर्ण आंबला की पन्नास लिटरांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड. खड्ड्यात, रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी, खालच्या खोलीत साचतो. त्याला रंग नाही, आणि माणूस वाकला की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून टाकीत उतरायच्या आधी पंखा, मग मीटर, मग कमरेला दोर, आणि बाहेर दुसरा माणूस. बाहेरचा माणूस चहाला गेला तर आतला आधी वर यायचा. या नियमावरून मी भांडलोय आणि भांडत राहीन.

दुपारी १

डबा. कॅन्टीनमध्ये आज विषय पाण्याचा. दिंडोरीची कादवा पुढं गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी आमच्या घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण अंगानं वाहते. दोन्हीकडं लोक तिला गंगाच म्हणतात. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही याचं भांडण पेटतं, आणि त्या टेबलावर खालच्या अंगाचा मी एकटा. वाढणारा मामा मुद्दाम माझ्या पेल्यात पाणी अर्धंच भरतो.

दुपारी ३

काल बसवलेल्या रसाला यीस्ट लावायचं. कोरडे दाणे असतात, बाजरीच्या कण्यांसारखे बारीक. अडतीस-चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवले की फेस धरतात. हे विरजण सरळ गार रसात ओतलं तर त्याला धक्का बसून निम्मं मरतं. म्हणून थोडा रस त्यात घालायचा, थांबायचं, पुन्हा थोडा घालायचा. दोहोंतला फरक दहा अंशांच्या आत आला की मग टाकीत. इतकं सगळं करूनही पुढचा दीड दिवस धाकधूक असतेच. टाकीला कान लावला की आतून तांदूळ धुतल्यासारखा बारीक आवाज यायला हवा.

त्यानंतर धुणं. प्रेस, होज, क्रेट, निवडपट्टा, फरशी, गटार. कॉस्टिक, सायट्रिक, गरम पाणी. क्लोरीनला दारातसुद्धा प्रवेश नाही. लाकडाशी आणि बुचाशी त्याचं जमलं की वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. चोथा ट्रॉलीत भरून खताच्या खड्ड्याकडं. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ यातच जातो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी साडेपाच

ऊन उतरल्यावर बागेत, कारण परवा काय तोडायचं ते ठरवायचं आहे. कॅबरने सोव्हिन्याँचा प्लॉट. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या खांद्यातून आणि शेंड्यातून, सावलीतले आणि उन्हातले असे मणी गोळा करायचे. चांगलेच दिसतात तेवढेच मणी हात आपोआप तोडतो, म्हणून मी मान दुसरीकडं करून तोडतो. प्रयोगशाळेत नेऊन साखर, सामू, आम्लता बघायची हे झालंच. पण त्याआधी मणी तोंडात टाकायचा. साल चावायची. बी काढून हातावर घ्यायची. हिरवट असेल तर अजून थांबायचं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची झाली, दातांखाली कडकन फुटली, तर आलं. आज हातावर दोन बिया तपकिरी आणि तिसरी अजून देठाशी हिरवी आहे. परवा नाही, पुढच्या आठवड्यात.

वाईन करणाऱ्याचं वर्षातलं खरं काम हा एक निर्णय. साखर वाढते तसं आम्ल उतरत जातं, आणि मार्चच्या उन्हात ते भराभर उतरतं. एक दिवस लवकर तोडलं तर हिरवट, आठवडाभर उशीर केला तर सपक. बाकी सगळं नंतर यंत्रं आणि माणसं मिळून करतात.

ही बाग वर्षभर कशी चालते तेही सांगतो, कारण मोसंबीवाल्याला ते उलटं वाटेल. युरोपात थंडी वेलीला झोपवते, पानं गळतात, वर्षाला एक छाटणी पुरते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला येते. आपल्याकडं वेल झोपतच नाही. म्हणून तिला दोनदा छाटतात. तोडणी उरकली की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. ओलांड्यावर नव्या फुटी येतात, उन्हाळ्याच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण चुकला तर पुढचं वर्ष गेलं. मग पावसाळाभर डावणी आणि करप्याशी झुंज, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. आत वाईनरीत एप्रिलपासून लाल वाईनची आम्लं मऊ होऊ द्यायची, गाळावरून वाईन काढायची, थंड करून टार्टरेटचे खडे पाडायचे, २२५ लिटरच्या ओक बॅरलमधून लाकडात मुरून कमी होणारी वाईन पुन्हा भरत राहायची, आणि बाटल्या भरायच्या. पावसाळ्यात घरी जाता येतं. पोळ्याला मी असतो.

रात्री ८

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदवह्या. किती टन आलं, किती लिटर झालं, कोणत्या टाकीत किती, घट किती. आकडे जुळल्याशिवाय जेवण नाही.

रात्री साडेनऊ

चुलत भावाचा फोन. हंगाम आला की त्याचा हा फोन ठरलेला.

‘‘दादा, दोन एकर लावून टाकू का इकडं? पाणी हाय, शेततळं हाय. कडवंचीवाले द्राक्षं घेतेतच की.’’

कडवंचीचं उदाहरण तो बरोबर देतो. जालना तालुक्यातल्या त्या गावानं पाणलोटाची कामं केली, शेततळी काढली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं मार्गदर्शन घेतलं आणि कोरडवाहू शिवारावर द्राक्षं उभी केली. उन्हाचंही कारण सांगता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्लीच्या वाईनच्या बागा आहेतच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, नाशिकच्या वाईनलाही आहे. तेव्हा जमीन, पाणी, हात यांत आपण कमी नाही.

अडचण दुसरीच आहे. कडवंचीचं द्राक्ष खायचं आहे. ते निर्यातीला नाही गेलं तर मुंबईला जातं, तिथं भाव पडला तर गावच्या बाजारात, तेही नाही तर बेदाणा करता येतो. मोसंबीचंही तसंच. दिल्लीला नाही तर रसवाल्याला. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. बाजार समितीत नेलं तर कुणी हात लावणार नाही. बी असल्यामुळं त्याचा बेदाणाही कुणी विचारणार नाही. वाईनरीनं नाही म्हटलं की ते घेणारं दुसरं कुणी नाही. एकरी माल मुद्दाम कमी धरायचा, खायच्या द्राक्षाच्या निम्म्यावर, आणि तोही या एकाच गिऱ्हाइकासाठी. त्यात घनसावंगीहून दिंडोरी अडीचशे किलोमीटरच्या वर. पहाटेचा गारवा कमवायचा आणि दुपारी ट्रकमध्ये घालवायचा.

हे नाशिकनं भोगलेलं आहे. १९८०च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला वाईनची वाट दाखवली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंतांनी नाशिकला सुला वाईनरी सुरू केली, २००१मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले. वाईनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी विश्वासानं बागा लावल्या. मग २००८ची मंदी आली, त्यातच नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, टाक्यांत जुनी वाईन तशीच आणि दारात नवा माल. पैसे अडकले. पुढच्या काही वर्षांत कित्येकांनी वाईनच्या उभ्या बागा उपटल्या आणि खायची द्राक्षं लावली. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा पुन्हा आशा पालवल्या. गदारोळ झाला आणि विषय रेंगाळला. ज्या पिकाची विक्री राजकारणाच्या लहरीवर चालते, ते पीक उभं करायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात आणि वेल पंधरा वर्षं जागा सोडत नाही.

नानांचं नीट चाललंय, ते का चाललंय हेही सांगायला हवं. त्यांच्याकडं लेखी करार आहे, वाईनरी ट्रॅक्टरच्या अंतरावर आहे, आणि बाजूच्या दोन एकरांत त्यांनी खायची थॉमसन द्राक्षं ठेवली आहेत.

भावाला जे सांगितलं तेच घनसावंगी-अंबडकडच्या सगळ्यांना सांगतो. हौस असेल तर जरूर या, तोडणीच्या दिवसांत चार दिवस राहा, सगळं डोळ्यांनी बघा. पण करार किती वर्षांचा, कोणत्या ब्रिक्सला काय दर, माल नाकारला तर भरपाई काय, वाहतूक कुणाची, आणि पैसे किती दिवसांत, या पाच गोष्टी कागदावर येऊन खाली सही-शिक्का पडल्याशिवाय वाईन द्राक्षाची एक काडीसुद्धा जमिनीत घालू नका.